टीअरड्रॉप ट्रेलरच्या भिंतीला पुन्हा पुन्हा ओल येतेय? आधी पाणी कुठलं ते ठरवा

लक्षण ओळखीचं आहे. घरी बांधलेला टीअरड्रॉप, म्हणजे गाडीमागे ओढायचा, थेंबाच्या आकाराचा, झोपण्यापुरता छोटा ट्रेलर. भिंतीत फोम भरलेला, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. पहिला हंगाम छान जातो. मग एका थंड सकाळी उठताना हात भिंतीला टेकतो आणि ओला होतो. गादीची कडही दमट लागते. आपण पुसून टाकतो आणि विसरतो. दोन-तीन सहलींनंतर खालच्या कोपऱ्यात प्लायवर चहा सांडल्यासारखा डाग दिसतो, त्याच्या कडेने काळे ठिपके, आणि दार उघडल्या उघडल्या कोंदट वास. बाहेरचे सांधे पुन्हा सील होतात. महिनाभर बरं वाटतं. परत तेच.

माझ्याकडे हे तीन वेळा झालं. पहिल्यांदा वाटलं पाऊस आत येतोय, म्हणून बाहेरच्या प्रत्येक सांध्यावर सिलिकॉन फासलं. दुसऱ्यांदा वाटलं इन्सुलेशन कमी पडतंय, म्हणून आतून चकचकीत फॉइलचं अस्तर चिकटवलं. तिसऱ्यांदा मात्र करवत लावून भिंतच उघडली. तेव्हा कळलं की आधीची दोन्ही औषधं भलत्याच रोगावरची होती. फॉइलने तर डाग झाकला आणि मागे लाकूड निवांत कुजत राहिलं.

भिंतीतलं पाणी तीन वाटांनी येतं. एक, बाहेरून पावसाचं. दोन, आतल्या हवेतली वाफ भिंतीच्या आतल्या पृष्ठभागावर जमते ते. तीन, तीच वाफ फटींमधून भिंतीच्या पोटात शिरते आणि पत्र्याच्या मागच्या गार बाजूवर जमते ते. तिन्हींचा डाग सारखाच दिसतो, उपाय मात्र एकाचा दुसऱ्याला चालत नाही. तिसरं सगळ्यात लबाड, कारण ते दिसतं तेव्हा सहा महिने जुनं झालेलं असतं.

उघडण्याआधी करायच्या तपासण्या

सगळ्यात सोपी तपासणी म्हणजे रिकामी रात्र. कोरड्या, थंड रात्री ट्रेलर बंद करून तसाच ठेवा, आत कोणीही झोपायचं नाही, ओले कपडे किंवा टॉवेलही ठेवायचे नाहीत. सकाळी भिंत कोरडी आणि तुम्ही झोपलात की ओली, तर ते पाणी तुमचंच आहे. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण बहुतेकांचा निकाल इथेच लागतो.

दुसरी, पारदर्शक प्लास्टिकची. डागाच्या जागेवर हातभर रुंद प्लास्टिकचा तुकडा ठेवा आणि चारही कडा टेपने घट्ट बंद करा. दोन दिवस तसाच राहू द्या, त्यातली एक रात्र आत झोपा. थेंब प्लास्टिकच्या वर, म्हणजे तुमच्या बाजूला आले तर केबिनची हवा दमट आहे. प्लास्टिकच्या खाली, भिंतीच्या बाजूला आले तर ओल भिंतीच्या पोटातून बाहेर येतेय. माझ्याकडे दोन्हीकडे आले होते, आणि मी हुशारीने फक्त वरचे बघितले.

पावसाची शंका असेल तर पाण्याचा पाइप घ्या, पण वरून ओतायला सुरुवात करू नका. छतावर पाणी सोडलं की ते प्रत्येक सांध्यावरून ओघळतं आणि गुन्हेगार कोण ते कळत नाही. खालच्या पट्टीपासून सुरू करा, एकेका सांध्यावर पाच मिनिटं, मग वर सरका. आत एकजण टॉर्च घेऊन बसलेला हवा. जोर लावून फवारा मारायचा नाही, नुसतं वाहू द्यायचं.

याहून जास्त सांगणारी युक्ती म्हणजे हवेचा दाब. छताच्या झरोक्यात पंखा आत हवा ढकलेल असा लावा, बाकीचं सगळं बंद करा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा. जिथे फट असेल तिथे बुडबुडे येतात. दिव्यांच्या वायरी जिथून बाहेर पडतात तिथे, दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात आणि छताची कड जिथे भिंतीला भेटते तिथे आधी बघा. आतल्या बाजूच्या फटींसाठी पंखा उलटा करायचा, म्हणजे हवा बाहेर ओढेल, आणि अगरबत्ती किंवा धुराची काडी घेऊन स्विचच्या भोकांपाशी, पॅनलच्या सांध्यांपाशी फिरवायची. धूर डगमगला की तिथे वाट आहे.

आणि लाकडाची ओल मोजायचं दोन सुयांचं मीटर घ्या. एकदा मोजून काही कळत नाही. त्याच जागी दर आठवड्याला मोजा आणि भिंतीवरच पेन्सिलने आकडा लिहा. कोरड्या प्लायमध्ये ८ ते १२ टक्के दिसतात. २० च्या वर आकडा टिकून राहिला तर बुरशीला आमंत्रण दिल्यासारखं आहे. पावसानंतर उडी मारून मग हळूहळू उतरणारा आकडा गळतीचा असतो. पाऊस असो-नसो, प्रत्येक मुक्कामानंतर थोडा थोडा चढत जाणारा आकडा तुमच्या श्वासाचा.

फोम जाड करून का भागत नाही

टीअरड्रॉपची झोपायची जागा म्हणजे जेमतेम अडीच घनमीटर हवा. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. म्हणजे अख्ख्या केबिनची ऐपत ४३ ग्रॅम, साधारण तीन मोठे चमचे पाणी. झोपलेला माणूस श्वास आणि घाम मिळून तासाला ४० ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत सोडतो. दोघं झोपलात आणि हवा सुरुवातीला निम्मी भरलेली असेल, तर सगळं बंद ठेवल्यावर पाव तासात ती काठोकाठ भरते. उरलेल्या रात्रीचं पाणी कुठेतरी जमणारच. सकाळपर्यंत ते अर्ध्या लिटरच्या वर जातं.

आता भिंतीचा हिशोब बघा. बाहेर ० अंश, आत २० अंश धरा. नुसता ६ मिलिमीटर प्लाय आणि पत्रा असेल तर आतल्या पृष्ठभागाचं तापमान ८ अंशांच्या आसपास राहतं. आत ३ मिलिमीटर प्लाय, मध्ये २० मिलिमीटर एक्सपीएस (पॉलिस्टायरीनचा घट्ट फोम) आणि बाहेर पत्रा असेल तर ते १७ च्या जवळ जातं. मोठा फरक आहे, इन्सुलेशन वाया जात नाही. पण फोमच्या दोन तुकड्यांमध्ये जी लाकडी रीप असते तिच्यावरचा पृष्ठभाग मात्र १३ अंशांवरच राहतो, कारण लाकूड एक्सपीएसच्या तिपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. २० अंशांच्या हवेत ७० टक्के आर्द्रता असेल तर दव साधारण १४ अंशांवर जमतं. म्हणून सकाळी भिंतीवर रिपांचा सांगाडा ओल्या रेघांनी उमटलेला दिसतो, आणि मधले भाग कोरडे. हे चित्र दिसलं तर गळती शोधू नका. स्क्रूच्या डोक्यांवर ठिपक्याठिपक्यांनी थेंब दिसले तर तेही याच घरचे, कारण स्टीलचा स्क्रू लाकडाहूनही कितीतरी जास्त थंडी आत आणतो.

फोम दुप्पट, म्हणजे ४० मिलिमीटर केला तर? मधल्या भागाचं तापमान १७ चं १८ होतं. बस्स. रीप १५ पर्यंत येते. आणि बंद केबिनमध्ये पहाटे आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की दव १७ अंशांपासूनच जमायला लागतं. जाडी वाढवून ही शर्यत जिंकता येत नाही. १५ ते २५ मिलिमीटरच्या पुढे जाण्यात मला टीअरड्रॉपसाठी काही राम वाटत नाही, उलट आतली रुंदी जाते.

हवा बदलणं हाच उपाय. बाहेरची हवा १० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेची असली तरी तिच्यात घनमीटरला साडेसात ग्रॅमच वाफ असते. आत २० अंशांना ६० टक्के ठेवायचे असतील तर दहा-साडेदहा ग्रॅम चालते. म्हणजे प्रत्येक घनमीटर ताजी हवा जाताना तीन ग्रॅम पाणी सोबत घेऊन जाते. दोघांचं तासाचं ८० ग्रॅम बाहेर काढायला तासाला तीसेक घनमीटर हवा लागते. आकडा मोठा वाटतो, पण कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधला १२ व्होल्टचा १२० मिलिमीटर पंखा कमी वेगावर एवढं काम सहज करतो, आणि रात्रभरात बॅटरीतून दीड अँपिअर-तासाच्या आसपासच घेतो. पंखा वर, हवा बाहेर टाकणारा. हवा आत यायची जाळी खाली, पायांकडे. नुसता वरचा झरोका उघडून उपयोग नाही. आत यायला वाट नसेल तर पंखा जागच्या जागी घुसळत बसतो.

थंडी वाजते म्हणून आत गॅसची शेगडी किंवा उघड्या ज्योतीचा हीटर लावण्याबद्दल एकच सांगतो: एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं, आणि एवढ्याशा बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड माणूस मारतो. बाहेरची हवा घेऊन धूर बाहेरच सोडणारा हीटर वेगळा, त्याला हरकत नाही.

तिसरी वाट: भिंतीचं पोट

माझ्या ट्रेलरमध्ये उशाशी वाचायचा दिवा होता. त्याच्या स्विचसाठी आतल्या प्लायला ३५ मिलिमीटरचं भोक, मागच्या फोममध्ये मुठीएवढा खड्डा, आणि तिथून खाली जमिनीपर्यंत वायरसाठी फोममध्ये कोरलेली बोटभर रुंद नाळी. बांधताना मला ही नाळी फार सुबक वाटली होती.

पॅनल निघालं तेव्हा त्या नाळीचा नकाशाच समोर होता. स्विचच्या मागे पत्र्यावर पांढरट खार जमलेला, तिथून खाली नाळीच्या दोन्ही काठांनी काळी रेघ, आणि रेघ जिथे संपते तिथे खालची आडवी रीप. तिच्यात टोच्या टेकवला तर लोण्यात जावा तसा गेला. एका बाजूला बोटभर, फक्त नाळीच्या पायथ्याशी. त्यापासून वीतभर अंतरावर तेच लाकूड नवंकोरं, सुताराने काल रंधा मारल्यासारखं.

काय झालं ते उघड आहे. रोज रात्री केबिनमधली गरम दमट हवा स्विचच्या भोकातून आत शिरायची, पत्र्याच्या गार पाठीला भिडायची, पाणी व्हायचं, आणि नाळीतून ओघळून रिपेवर बसायचं. बाहेरचा पत्रा वाफेला अजिबात आरपार जाऊ देत नाही, त्यामुळे एकदा आत गेलेलं पाणी दिवसा उन्हातही बाहेर पडायला वाट नव्हती. बाहेरून मी लावलेलं सिलिकॉन म्हणजे बाटलीला आणखी एक बूच. प्लाय किंवा फोमच्या अंगातून वाफ झिरपते तीही थोडी असते. भोकांमधून हवेबरोबर जाते ती खरी. म्हणून आतली बाजू हवाबंद ठेवणं हे बाहेरचे सांधे सील करण्याइतकंच महत्त्वाचं, थंडीत तर जास्तच.

त्याच नाळीत आणखी एक गोष्ट सापडली. वायरचं पीव्हीसीचं वेष्टन फोमला चिकटून बसलं होतं आणि फोम तिथे विरघळल्यासारखा खचला होता. पीव्हीसीमध्ये ते मऊ राहावं म्हणून जे द्रव्य मिसळलेलं असतं ते पॉलिस्टायरीनमध्ये झिरपतं. फोम वितळतो आणि वायर कडक होऊन तडकायला लागते. थर्माकोल असो की एक्सपीएस, दोन्हींना हे लागू आहे. उघड्या वायरी फोमला टेकवू नका, नळीतून न्या.

दुरुस्ती कशी केली

आतला प्लाय कापताना गोल करवतीची खोली बरोबर प्लायच्या जाडीएवढी ठेवली आणि काप रिपांच्या मधोमध घेतला, म्हणजे जुन्या आणि नव्या दोन्ही तुकड्यांना टेकायला अर्धी-अर्धी रीप मिळते. रीप कुठे आहे ते आठवत नसेल तर एका थंड सकाळी भिंतीचा फोटो काढून ठेवा, ओल्या रेघा जागा दाखवतील. शत्रूचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा.

मग वाळवणं. इथे घाई केली तर सगळं मुसळ केरात. पंखा लावून मी सोळा दिवस थांबलो, मीटर १२ वर आल्याशिवाय पुढे हात लावला नाही. नुसता काळा पडलेला पण टणक प्लाय घासून ठेवला. थर सुटलेला काढून टाकला. रिपेचा कुजका भाग तिरका कापला, उंचीच्या आठपट लांबीचा उतार देऊन, आणि तशाच उताराचा नवा तुकडा इपॉक्सीने जोडला. नव्या लाकडाच्या सगळ्या कडांना, विशेषतः आडव्या कापलेल्या टोकांना, पातळ इपॉक्सीचे दोन हात. टोकाकडून लाकूड काडीने सरबत ओढावं तसं पाणी ओढतं.

फोम बसवताना तो रिपांमध्ये ठोकून घट्ट बसवायचा मोह होतो. घट्ट बसलेला वाटला तरी कुठेतरी केसभर फट राहतेच, आणि ट्रेलर धावायला लागला की लाकडावर फोम घासून कुरकुर करतो. ज्यांच्या भिंती प्रवासात बोलतात त्यांचं कारण बहुधा हेच. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर कमी कापा, मागे गोंद लावून बसवा आणि कडेची फट कमी फुगणाऱ्या फोमच्या डब्याने भरा. जास्त फुगणारा फोम बंद भिंतीत सोडू नका. ३ मिलिमीटरचा प्लाय तो सहज पोटासारखा पुढे आणतो आणि परत आत बसत नाही.

गोंदाचं एक पक्कं: साधा पिवळा कॉन्टॅक्ट गोंद पॉलिस्टायरीनला खातो. पॉलिएस्टर रेझिनही खातं. इपॉक्सी चालतं, पॉलियुरेथेन गोंद चालतो, पण तो फुगतो म्हणून वर वजन ठेवायला लागतं. पांढरा लाकडाचा गोंद फोम आणि पत्र्याच्या मध्ये आठवडाभर ओलाच राहतो, कारण त्यातल्या पाण्याला दोन्हीकडून बाहेर पडायला जागा नसते. पॉलिआयसो या दुसऱ्या जातीच्या फोमला कॉन्टॅक्ट गोंद चालतो, पण कडाक्याच्या थंडीत त्या फोमची उष्णता अडवायची ताकद थोडी उतरते. नवा गोंद असेल तर आधी टाकाऊ तुकड्यावर लावून रात्रभर ठेवा.

वायर आता नळीत आहे, आणि नळीची दोन्ही तोंडं पुट्टीने बंद आहेत. हे विसरलात तर नळी म्हणजे अधिकच सुबक नाळी. स्विच भिंतीत न खोचता वरून बसणाऱ्या डबीत घेतला, भोक फक्त वायरपुरतं. फोम आणि रिपांच्या सांध्यांवर अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी फिरवली, मगच प्लाय. तो प्लाय मी गोंदाने बसवला नाही. वॉशर घालून स्क्रूने बसवला, पुन्हा उघडता यावा म्हणून. दिसायला थोडं ओबडधोबड आहे, माझी हरकत नाही.

बाहेरचं सिलिकॉन खरवडायला दोन रविवार गेले. सिलिकॉन जिथे एकदा लागलं तिथे पुढे रंग धरत नाही, दुसरा सीलंट धरत नाही, आणि जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. कडेच्या पट्ट्यांखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, लावा. ती कायम मऊ राहते आणि हलणाऱ्या सांध्याबरोबर हलते. स्क्रूची भोकं जरा मोठी पाडून इपॉक्सीने भरा, सुकल्यावर मधोमध पुन्हा छोटं भोक पाडा. मग स्क्रूच्या वाटेने पाणी आलंच तरी लाकडाला भेटत नाही.

उन्हात पत्रा फुगत असेल तर

हा प्रश्न याच्यासोबत नेहमी येतो, पण ओलीशी त्याचा संबंध कमी. २.४ मीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ४० अंश तापमानवाढीला दोन मिलिमीटरहून जास्त वाढतो. प्लाय जवळजवळ वाढतच नाही. पत्रा पूर्ण चिकटवलेला असेल तर वाढलेलं अंग कुठेतरी फुगवट्याने बाहेर पडतं. पत्रा मोकळा ठेवून कडेच्या पट्ट्यांनीच धरला तर तो सरकतो आणि सपाट राहतो. गडद रंग टाळा. भर उन्हात काळा पत्रा ७० अंशांच्या पुढे जाऊ शकतो, आणि पॉलिस्टायरीन ७५ च्या आसपास मऊ पडायला लागतं. एकदा फोम मऊ होऊन खचला की पत्रा आतून पोकळ वाजतो. बोटाने टकटक करून बघा.

फॉइलच्या अस्तराबद्दल राहिलंच. चकचकीत बाजू उष्णता परतवते ती समोर हवेची पोकळी असेल तेव्हा. प्लायला चिकटवून वर कापड लावलं की ती नुसती एक पातळ, महागडी शीट उरते.

गादीखालीही बघा. भिंत कोरडी झाल्यावर माझ्याकडे ओल तिथे दिसायला लागली, कारण गादी स्वतःच इन्सुलेशन आहे आणि तिच्याखालची जमीन गार. गादीखाली पट्ट्यांची जाळी टाकून बोटभर पोकळी ठेवली आणि आत येणारी हवा त्या पोकळीतूनच घेतली, तेव्हा ते थांबलं. आता दर मुक्कामानंतर त्या जुन्या कोपऱ्यात मीटर टोचतो. सुयांच्या दोन-दोन छिद्रांची रांग लागलीय, बाजूला पेन्सिलचे आकडे: १३, १२, १२, ११, आणि मध्येच एक १७. त्या रात्री पंख्याच्या आवाजाने झोप येत नाही म्हणून मी तो बंद केला होता.